न चावणारी चप्पल

सोमशेखर अण्णांनी पोटात जंतू पाळायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

बँकेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, छापील कागदावर विश्वास फार. २००६ साली रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की पोटात चांगले जंतू असतात आणि ते वाढले तर डायबेटिसवाल्याचं भलं होतं. डॉक्टरांनी आधीच भीती घातली होती. साखर अशीच राहिली तर केसासारख्या रक्तवाहिन्या खराब होतात, डोळे जातात, किडनी जाते, आणि पायाला मुंग्या येता येता एक दिवस पायाला काही कळेनासंच होतं. अण्णा मनातून पार टरकले होते. (पाय गेले तर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन लोकांना अक्कल कोण शिकवणार?)

झालं, दिवसातनं तीनदा दही सुरू. वाटीनं नव्हे, तांब्यानं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की जंतू पाळलेत तर त्यांना खायला काही नको का? दह्याबरोबर गुळाचा खडा आला. त्यांची बायको हिराबाई, माहेर गडहिंग्लजचं, तोंड फटकळ. तिनं गुळाचा डबा काढून घेतला तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "मी कुठं खातोय? त्यांच्यासाठी हाय."

पंधरा दिवसांनी अण्णांनी चप्पल लाईनीतून करकर वाजणारी नवी कोल्हापुरी घेतली. आता नवी कोल्हापुरी चावणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठ दिवस तेल लावायचं, लंगडायचं, दुकानदाराच्या नावानं खडे फोडायचे, मग ती पायाला सरावते. अण्णांना पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी रंकाळ्यावर जाहीरच करून टाकलं. चप्पल चावत नाही ती दह्यामुळं. रक्तवाहिन्या पुन्हा ठणठणीत झाल्या! शेजारचे अप्पा जुन्या चपलेतसुद्धा लंगडणारे. त्यांनी येता येता किलोभर दही घेतलं.

सहाव्या दिवशी हिराबाई फरशी पुसताना करवादल्या, की देवघरातलं कुंकू घरभर कुणी तुडवलं? ठसे बघत बघत त्या पोचल्या अण्णांच्या उजव्या पायापाशी. अंगठ्याला पट्ट्यानं चांगली खोल खाच पाडली होती, आणि अण्णा निवांत पेपर वाचत होते.

हिराबाईंनी त्यांना तसंच रिक्षात घातलं. किती दिवस दुखतंय, डॉक्टरांनी विचारलं.

"दुखतंय कुठं? तीच तर गंमत हाय की."

डॉक्टर हसले नाहीत. आता तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टोचणार, डोळे मिटा आणि जाणवलं की 'हाय' म्हणा, असं त्यांनी सांगितलं. अण्णांनी ही परीक्षा पास व्हायचीच ठरवलं. डोळे मिटले आणि अंदाजानं सुरू केलं, "हाय... हाय... हाय..."

"काका, मी अजून हात धुतोय," डॉक्टर म्हणाले.

अण्णा ओशाळले. पुन्हा डोळे मिटले आणि या खेपेला प्रामाणिकपणे वाट बघत बसले. बराच वेळ गेला.

"करा की सुरू, डॉक्टर."

"दोन्ही पाय झाले, काका."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि अण्णांना खरोखरची भीती वाटली. मग डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचेल, पण महिनाभर ड्रेसिंग, रोज तळपाय आरशात बघायचे आणि गूळ एकदम बंद.

"जंतूंचासुद्धा?" अण्णांनी हळूच विचारलं. डॉक्टरांनी बँडेजला आणखी एक वेढा दिला.

बँडेज बांधलेला पाय टेकत, हिराबाईंच्या खांद्याला धरून अण्णा गल्लीत उतरले, तर समोर अप्पा, हातात दह्याचं भांडं.

"काय अण्णा, शेवटी चावली न्हवं चप्पल?"

अण्णांनी एकदा हिराबाईंकडं बघितलं, मग छाती काढली.

"व्हय की. लई चावली. रात्रभर ठणकत हुतं."