गेनबा अस्वलाच्या जीपचं पासिंग

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे एक जीप होती. अस्वलाकडे जीप कुठून आली, असं विचारू नका. तुमच्याकडची कुठून आली ते मी विचारतो का? आणि मुलांनो म्हटलं म्हणजे पोट सुटलेल्यांनीसुद्धा सरसावून बसायचं. तो फोन आधी खाली ठेवा.

तर अस्वलाचं नाव गेनबा. धंदा मधाचा. मध काढायला काही अक्कल लागत नाही, हात घातला की मध. अक्कल लागते ती नंतर, पळायला. गेनबा पोळं उचलायचा, जीपमध्ये टाकायचा आणि माशा भानावर यायच्या आत तीन टेकड्या पार करायचा.

मग सिंहमहाराजांनी नवा नियम काढला. ज्या गाडीचा टॅक्स भरलेला नाही, ती रस्त्यावर दिसता कामा नये. गेनबाचा टॅक्स नेमका संपला होता. जीप अंगणात उभी राहिली, ती दोन वर्षं तिथेच. गेनबा मधाला पायी जाऊ लागला. माशा त्याला दर वेळी गाठायच्या. नाक सुजून कवठाएवढं व्हायचं आणि त्याची बायको हौसाबाई चिमटा घेऊन रात्रंदिवस त्याच्या अंगातले काटे उपसत बसायची.

"अहो," ती एकदा म्हणाली, "एक तर जीप रस्त्यावर आणा, नाहीतर मध सोडा. माझे हात दुखायला लागले."

मध सोडून अस्वलाने करायचं काय? गेनबा टॅक्सच्या खिडकीवर गेला. खिडकीत बगळा बसला होता.

"पासिंगचा दाखला?" बगळा म्हणाला.

"नाही."

"मग आधी पासिंग करा. आणि टॅक्स भरायला येताना गाडी घेऊन या. गाडी बघितल्याशिवाय मी पावती फाडत नाही."

गेनबा पासिंगच्या मैदानावर गेला. तिथे कासवसाहेब होते. गाड्या तपासून दाखला देणं हे त्यांचं काम.

"गाडी कुठाय?" कासवसाहेब म्हणाले.

"घरी. टॅक्स नाही, म्हणून रस्त्यावर आणता येत नाही. दाखला नाही, म्हणून टॅक्स भरता येत नाही. आणि गाडी आणली नाही तर दाखला—"

"मिळत नाही," कासवसाहेब म्हणाले. "पण रडू नका. नियमात सोय आहे. पासिंगची वेळ आधी ठरवली असेल, तर बिनटॅक्सची गाडी पासिंगला आणता येते. मात्र थेट यायचं. वाटेत थांबायचं नाही."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. गुरुवार, दुपारी तीन.

मग काय विचारता. गेनबाने जीप खोलली, पुसली, जोडली. ब्रेक नवे घातले. उरलेल्या चार नटांचं काय करायचं ते कळेना, म्हणून जीप पुन्हा खोलली आणि पुन्हा जोडली. हौसाबाईने सीट शिवल्या. पुढचे दोन दिवे तिने पदराने असे घासले, असे घासले, की त्यात आपलं तोंड बघून ती लाजली.

गुरुवारी गेनबा निघाला. मोकळा रस्ता, कानात वारा, पायाखाली ब्रेक. दोन वर्षांनी. तो मोठ्याने गाऊ लागला. अस्वलाचा आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे.

वळणावर कोल्हा हवालदार उभा होता.

"थांब," कोल्हा म्हणाला.

"थांबलो तर नियम मोडेल, हवालदारसाहेब," गेनबा म्हणाला. "मला थेट जायचंय."

"कोणाचा नियम?"

"तुमचाच की."

कोल्हा जीपबरोबर पळू लागला. "कागद दाखव."

गेनबाने एका हाताने कागद बाहेर धरला. कोल्ह्याने पळता पळता दोन ओळी वाचल्या आणि त्याला धाप लागली. "ह्यात पोटकलमं फार आहेत," तो म्हणाला आणि सरळ जीपमध्ये चढून बसला. कागदाच्या मागच्या बाजूलाही बारीक अक्षरात नियम होते. सगळे वाचून होईपर्यंत पासिंगचं मैदान आलं.

कासवसाहेबांनी तपासायला सुरुवात केली. ते कासव होते, त्यामुळे तीनला सुरू केलेलं साडेपाचला संपलं. त्यांनी ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला, वायपर मोजले, दिवे लावून बघितले, चाकांखाली स्वतः जाऊन आले.

"उत्तम," ते म्हणाले. "अशी गाडी मी उभ्या आयुष्यात बघितली नाही, आणि माझं आयुष्य दोनशे वर्षांचं आहे."

त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला. गेनबाने त्यांना उचलून मिठी मारली, मग कोल्ह्याला मारली, मग जीपला मारली. दाखला खिशात घालून तो जीपमध्ये बसला आणि फाटकाशी आला. फाटकात कोल्हा आडवा उभा.

"कुठे निघालास?"

"टॅक्स भरायला."

"कशाने?"

"जीपने. बगळ्याने घेऊन ये म्हटलंय."

"बिनटॅक्सची जीप? रस्त्यावरून?"

"अहो, येताना तुम्हीच बसला होता की हिच्यात."

"येताना ती पासिंगला येत होती," कोल्हा शांतपणे म्हणाला. "आता पासिंग झालं. पास झालेली गाडी परत न्यायची सोय नियमात नाही. मी सगळा वाचलाय, तुझ्याच जीपमध्ये बसून."

"मग जीप इथेच राहू दे. उद्या बघू."

"सहाला फाटक बंद होतं. आत राहिलेली गाडी तरसाच्या भंगारात जाते."

सहाला वीस मिनिटं होती. गेनबा मटकन खाली बसला. त्याला तो चिमटा दिसू लागला.

कोल्हा मनाने वाईट नव्हता. त्याने कागद पुन्हा उलटून बघितला. "एक आहे बघ. गाडी नापास झाली, तर दुरुस्तीसाठी थेट घरी नेता येते."

गेनबा कासवसाहेबांकडे धावला. "साहेब, पाया पडतो. मला नापास करा."

कासवसाहेबांचा चेहरा पडला. "दोनशे वर्षांत मी खोटा शेरा मारलेला नाही. तुमच्या गाडीत नापास करण्यासारखं काहीही नाही."

गेनबा जीपपाशी आला. त्याने एक दगड उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. समोर उजवा दिवा होता, हौसाबाईने पदराने पुसलेला, आणि त्यात गेनबाचं तोंड दिसत होतं. त्याला फार वाईट वाटलं. हसू नका, खरंच वाटलं. त्याने डोळे मिटले आणि दगड घातला.

कासवसाहेब आले. त्यांनी काचा बघितल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण आधीचा दाखला परत घेऊन त्यांनी तो दोनदा वाचला. "उजवा दिवा नाही," त्यांनी लिहिलं. "नापास."

कोल्ह्याने फाटक उघडलं आणि सलाम ठोकला.

घरी हौसाबाई दारातच उभी होती. "झाली का पास?"

"झाली होती," गेनबा म्हणाला. "मग नापास करून घेतली, तेव्हा आणता आली."

हौसाबाईने फुटका दिवा बघितला. पदराने तिने त्याच्या कडा पुसल्या. मग म्हणाली, "अहो, मग पासिंगची पुढची वेळ घ्या की."

गेनबाने पुढचा गुरुवार घेतला. मग त्याच्या पुढचा. दिवा काही त्याने बदलला नाही. जाताना तो पासिंगला जात असतो, येताना दुरुस्तीला. थांबायचं नाही, म्हणून चालत्या जीपमधून पोळं उचलायला तो शिकला. कोल्हा त्याला दर गुरुवारी सलाम करतो.

जंगलाला हे कळायला किती वेळ लागणार? रानडुकराने आपल्या ट्रॅक्टरचा दिवा फोडला. सांबराने टेम्पोचा फोडला. माकडांनी उत्साहात आपल्या गाडीचे चारही फोडले. आता रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे एका डोळ्याच्या गाड्या धावत असतात. सिंहमहाराजांनी दरबारात भाषण केलं की आपल्या राज्यातली एकूण एक गाडी सुधारण्याच्या मार्गावर आहे. टाळ्या पडल्या.

कासवसाहेबांकडेही एक छोटी मोटार आहे, बिनटॅक्सचीच. तिचं सगळं जागच्या जागी आहे आणि दगड उचलणं त्यांच्याने होत नाही. ती शेडमध्ये झाकून ठेवलेली असते. गुरुवारच्या कामासाठी साहेब सोमवारी घरातून पायी निघतात आणि शेजारून जाणाऱ्या फुटक्या गाड्या त्यांना आदराने हॉर्न देतात.

तात्पर्य: जो सुधारला, त्याने पायी जावं. ज्याला रस्ता हवा, त्याने सुधारायला निघावं आणि पोहोचायची घाई करू नये.