भुलेची पाचवी जागा

डॉक्टरांना त्यांची स्वप्नं विचारणारा कारकून मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे गफूरभाई.

नांदेडच्या ज्या मेडिकल कॉलेजात मी नोकरीला लागले, तिथं पदव्युत्तर विभागाचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, तीन कपाटं आणि एक फोन. एका टेबलावर मी, समोरच्यावर गफूरभाई. एमबीबीएस झालेली मुलं पुढं स्पेशालिस्ट व्हायला आमच्याकडं यायची. कुणाला कोणती शाखा, हे मार्कांवर ठरायचं आणि यादी वरून कॉम्प्युटरवर यायची. आम्ही फक्त मूळ कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. हे गफूरभाईंना कधी पटलं नाही. दहावीच्या सनदेवर बोट ठेवून ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर, झोपंत काय दिसतं तुम्हाला?"

समोरचा गांगरायचा.

"निवांत सांगा. फाईल कुठं पळून न्हाई राहिली."

आणि गंमत म्हणजे मुलं सांगायची. एकाला सारखी विहीर दिसायची आणि आत कुणीतरी बोलत असायचं. गफूरभाई खूश. "कान-नाक-घसा! बरोबर जागी आलात." एका मुलीला न संपणारा जिना दिसायचा. "हाडं," ते म्हणाले. "गुडघेवाले लई येतील तुमच्याकडं." तिला बालरोग मिळालं होतं. गफूरभाईंनी यादीकडं खेदानं पाहिलं, "यादी चुकली," असं म्हणाले आणि शिक्का मारला.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक लिहायचं. दुसरं कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "डॉक्टर लोक मागतात अन् घेऊन जातात. हे त्यांचं." ते दुसरं पेन महिन्यातून चारदा तरी बदललेलं असायचं.

मग लॉकडाऊन लागला. नांदेड इतकं गप्प झालं, की आमच्या ऑफिसच्या खिडकीतून कडुनिंबाची पानं पडताना ऐकू यायची. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध गाय झोपलेली असायची, तिला उठवायला एक हॉर्न नाही. मी ऑफिसला चालत जायचे. ओळखीची दुकानं, ओळखीच्या पाट्या, पण आपण कुणा दुसऱ्याच्याच झोपेतून चाललोय असं वाटायचं.

दवाखान्यात मात्र कुणाला झोप नव्हती. नव्या डॉक्टरांची परीक्षा झाली होती, प्रवेश रखडले होते, आणि जुने डॉक्टर उभ्या उभ्या डुलक्या घेत होते. भूलशास्त्राच्या मॅडम एकदा आमच्या दाराशी आल्या. नाकावर मास्कचा वळ. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे हे डॉक्टर, श्वासाचं यंत्र त्यांनाच सगळ्यात चांगलं कळतं. मॅडम म्हणाल्या, "गफूरभाई, मशिनी आल्यात. त्यांच्यापाशी बसायला माणसं द्या."

शेवटी यादी आली. भुलेच्या पाच जागा. शुक्रवारी पाचपर्यंत जो येईल त्याची सीट, नाहीतर ती त्या फेरीत रिकामी. चौघं आले. पाचवी होती डॉक्टर वैशाली, अहमदपूरजवळच्या एका खेड्यातली. गफूरभाईंनी फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

फोन वडिलांनी उचलला. मारुतराव. "न्हाई येणार आमची पोरगी. लोक तिथनं पळून यायलेत, अन् मी तिला तिथं पाठवू? पुढच्या साली बघू."

"बरोबर हाय तुमचं," गफूरभाई म्हणाले. "जरा डॉक्टरांना देता का?"

वैशालीचा आवाज बारीक होता. तिला त्वचारोग हवं होतं, भूल पदरी पडली होती. गफूरभाईंनी सीटचं नावच काढलं नाही. "डॉक्टर, झोपंत काय दिसतं तुम्हाला?"

पलीकडं कोंबड्यांची कलकल लांब गेली. मग ती म्हणाली, "एक मोठी खोली दिसते. सगळे झोपलेले असतात, मी एकटीच जागी. भीती नाही वाटत. कुणाची झोप मोडू नये म्हणून मी हळू चालते."

गफूरभाईंनी रिसीव्हर ठेवला आणि यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवलं. "ताई," ते म्हणाले, "आज यादी बरोबर हाय."

त्यानंतर रोज फोन. मारुतराव रोज नाही म्हणायचे आणि रोज पाच मिनिटं जास्त बोलायचे. हळद, सोयाबीन, म्हशीचा पाय, सगळं झालं. गुरुवारी मात्र त्यांनी मध्येच विचारलं, "साहेब, एक खरं सांगा. तुमची लेक असती तर पाठवली असती का?"

मी मानेनं हो, हो करत होते. गफूरभाई माझ्याकडं बघतच नव्हते.

"न्हाई पाठवली असती, मारुतराव. दार लावून घेतलं असतं."

फोन बंद झाला. माझा तोल गेला. "एक 'हो' म्हणायला काय झालं होतं? मॅडमना आता काय सांगणार?"

"त्यांनी खरं विचारलं, ताई," ते एवढंच म्हणाले आणि शिक्क्याची शाई भरत बसले. नको तितकी भरली. बोटं जांभळी झाली.

शुक्रवारी चार वाजले. सव्वाचार. साडेचारला आवारात मोटारसायकलचा आवाज आला. त्या दिवसांत तो सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. तोंडाला उपरणं बांधलेला एक माणूस, मागं पिशवी छातीशी धरलेली मुलगी. माणूस दारातूनच म्हणाला, "गफूरसाहेब कोन?"

"मी."

"दार लावलं होतं मी. तुमचं ऐकूनच लावलं. तर पोरगी म्हणली, दादा, हा माणूस खरं बोलायलाय. तिथं असा एक माणूस हाय, मग भ्यायचं कशाला? मग काढली गाडी."

पाचला दहा कमी असताना शिक्का पडला. लेक होस्टेलवर गेली. मारुतरावांची पंचाईत झाली. प्रवासाचा पास येण्यापुरताच होता. परत जायला नवा लागणार, आणि पासाचं ऑफिस सोमवारी उघडणार. लॉज बंद, ओळखीचं कुणी नाही.

"माझ्याकडं चला," गफूरभाई म्हणाले. जणू रोजच कुणीतरी त्यांच्याकडं येत असावं.

सोमवारी दोघं एकत्रच आले. गफूरभाई पासाच्या अर्जावर डीनसाहेबांची सही घ्यायला आत गेले. मारुतराव माझ्या टेबलापाशी उभे राहिले, दारावर नजर ठेवून. "बाई, चार खोल्या हायत त्यांच्या. सगळ्या झाडलेल्या. पण घरात ताट एकच हाय. मला त्यात वाढायचे अन् आपण पातेल्याच्या झाकणात जेवायचे. मला असंच आवडतं, म्हणायचे."

"घरी कुणी नव्हतं?"

"बायको जाऊन लई वर्षं झाली. लेकरू न्हाई. तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं समोरासमोर बसून मला त्यांची फक्त दोन पेनं माहीत होती.

वैशाली कोरोनाच्या वॉर्डात टिकली. इतकी रमली, की पुढं त्वचारोगाचं नाव तिनं काढलं नाही. सुरुवातीला मारुतराव रोज दुपारी ऑफिसात फोन करायचे. गफूरभाई आधीच वॉर्डाच्या पायरीपर्यंत जाऊन तिला लांबून बघून आलेले असायचे. "उभी हाय, चालून राहिली, पाणी पिली," असा अहवाल द्यायचे.

पुढं तिला स्वतःला बोलायला सवड मिळू लागली. ती संध्याकाळी घरी फोन करायची. तरी दुपारचा फोन काही थांबला नाही. मारुतराव आता लेकीचं विचारायचेच नाहीत.

सगळ्या डॉक्टरांना बोलतं करणारे गफूरभाई त्या वेळी अगदी कमी बोलायचे. तोंड खिडकीकडं. "हाव… हाव, जेवलो… वांग्याची भाजी… न्हाई, तिखट न्हाई केली."

फोन ठेवायचे, आणि मग पिशवीतून तोवर न उघडलेला डबा काढून जेवायला बसायचे.