उत्तमरावांची नांगराची जोडी

आमचे उत्तमराव कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. फ्रीज घेताना त्यांनी दुकानदाराला तो भिंतीपासून ओढायला लावला, मागून पाहिला, पाठीवर थाप मारली आणि निकाल दिला, "जनावर गरीब हाय." माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हाही आधी आमच्या घराला फेरी मारूनच आत आले. वडिलांना वाटलं, मुलगा देवभोळा आहे. मुलगा मागच्या भिंतीला ओल आहे का ते पाहत होता.

जानेफळला त्यांची शेती. आसपास कुणालाही बैलजोडी घ्यायची असली की उत्तमरावांना सोबत नेतात. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू हे जनावरच आहे, अशी त्यांची समजूत झाली आहे. घरचा मिक्सर 'मारका' आहे, माझा मोबाईल 'कामचोर'.

त्यांची मुलगी पल्लवी पुण्याला ॲनिमेशनचं काम करते. ती सुट्टीवर आली असताना कंपनीने कळवलं, घरी दोन प्रोसेसरची दणकट मशीन असेल तर तिथूनच काम कर, नाही तर सुट्टी संपताच परत ये. बहिणीने मला फोनवर हळूच सांगितलं, "दादा, पोरगी गेली का याइचं जेवणात ध्यान राहत नाई. त्या मशीनचं तेवढं जमवा."

उत्तमराव मात्र म्हणाले, "मले कायची घाई? पोरीच्या कामाचं हाय म्हणून." आणि पहिल्या एसटीने बुलढाण्याला माझ्या दारात हजर!

मी तज्ज्ञ म्हणून सोबत गेलो. शाळेतल्या कम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात मी तज्ज्ञ आहे. निघताना पल्लवीने फोनवर बजावलं होतं, "मामा, मदरबोर्ड मी मागवलाय. नंबर पाठवते, त्याच्यात बसतीन तेच प्रोसेसर आणा. बाबांना मनानं घेऊ देऊ नका."

दुकानदाराने विचारलं, "वेग जास्त अन् कोअर कमी असे देऊ, का वेग कमी अन् कोअर जास्त?"

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"म्हंजे शंकरपटात शर्यतीले पळाचे का नांगराचे?" शेवटी त्यांनीच विचारलं.

दुकानदार खूश झाला. "बरोबर बोलले काका!"

"मंग नांगराचे दाखव. दिवसभर औत ओढतीन असे."

त्याने दोन चकचकीत चौकोन काढले. उत्तमरावांनी काउंटरला फेरी मारली, दोन्ही तळहातावर घेऊन उजेडात धरले. "नंबर सारखाच हाय ना? एक गोऱ्हा अन् एक म्हतारा नको." जोडी त्यांच्या मनात भरली. मी पल्लवीने पाठवलेला नंबर दाखवू लागलो.

"मास्तर, जू पाहून बैल घेते का कोनी? आधी जोडी पाहाव, मंग जू."

मला हे इतकं पटलं की मी मानसुद्धा डोलावली.

बोर्ड जानेफळला पोचला त्या दिवशी आम्ही सगळे कौतुकाने भोवती बसलो. पल्लवीने प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचं झाकण उघडलं, प्रोसेसर वर धरला आणि थांबली. तो सॉकेटपेक्षा चांगलाच मोठा होता.

"मामाऽ!" एवढंच म्हणाली. शाळेत माझी इतकी तपासणी कधी झाली नाही.

मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, याच्यात जू आधी ठरते. मंग बैल."

एरवी उत्तमरावांनी वाद घातला असता. पण पल्लवीची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, विकलेला माल वापस नाई घेत."

"काऊन बे? बाजारात बैल औताले धरून पाह्याले देतेत. चालला नाई तं वापस. तू का बाजाराच्या वरचा झाला?"

दुकानदार हसू लागला. "बरं, घ्या बदलून. पण आता पोरगी निवडीन!"

"हाव, तिलेच निवडू दे," उत्तमराव इतक्या लगेच म्हणाले की मीच चमकलो.

संध्याकाळी पडद्यावर दोन्ही प्रोसेसरची नावं उमटली. बहीण कुंकू घेऊन थेट मदरबोर्डाकडे निघाली होती, पल्लवीने तिचा हात वरच्यावर धरून कॅबिनेटकडे वळवला. "जोडी चालली!" म्हणत उत्तमरावांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पल्लवीची बॅग रिकामी झाली.

राहता राहिला पंख्यांचा आवाज. दोन प्रोसेसरचे दोन दांडगे पंखे, घरात पिठाची गिरणी बसवल्यासारखी घरघर. पल्लवीने बिनआवाजाचे पंखे मागवले. रविवारी मी गेलो तेव्हा तिने मशीन बंद करून ते बसवले, अगदी नीट बसले. घर एकदम शांत झालं.

तेवढ्यात गोठ्याकडून धावत्या चपला वाजल्या. दारात उत्तमराव, हात कोपरापर्यंत बैलांच्या भिजवलेल्या ढेपेने माखलेले, धाप लागलेली.

"पल्लवे!"

"काय बाबा?"

"काई नाई... गोठ्यात आवाज यायचा बंद झाला. म्हणलं..." त्यांनी भिंतीशी, पल्लवीची बॅग असायची त्या जागेकडे पाहिलं.

पल्लवी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि नवे पंखे काढायला घेतले.

"हे बसत नाईत बाबा. जुनेच ठेवा लागतीन."

"म्या तं आधीच म्हणलं होतं," उत्तमराव म्हणाले. पण घरघर सुरू होईपर्यंत ते दारातून हलले नाहीत.