धुक्यातली ओ

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट एका जंगलातली आहे. म्हणजे सुरू होताना ते जंगल होतं. गोष्ट संपेपर्यंत राहतं का, ते आपण बघू.

जंगल डोंगरावर होतं. हवा गार, पाणी गोड आणि वर्षातले बरेच दिवस धुकं. स्वतःचा पंजा स्वतःला दिसला, तर तिथले रहिवासी त्याला धुकं म्हणतच नसत. 'आज जरा ढगाळ आहे' म्हणत.

या डोंगरावर वाटेच्या वळणाला धोंडूशेठ साळिंदर यांचं दुकान होतं. घोंगड्या, गूळ, खारे दाणे आणि सदा उकळता चहा. शेठ शाळेत कधी गेले नव्हते. पण पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाचे पाय बघून त्याला काय हवंय ते सांगत. पाय ओले असतील तर चहा. पाय जड असतील तर चहा आणि गूळ. पाय घुटमळत असतील तर गडी नुसता बोलायला आलाय, त्यालाही चहा. बोलणारा बसला की दुकान भरलेलं दिसतं.

दुकानापाशी वाट डावीकडे वळायची. जो वळायचा नाही, तो सरळ कड्यावरून खाली.

म्हणून तिथं एक रीत होती. धुक्यात चालणाऱ्यानं हाक मारायची. ज्याच्या दारापाशी तो आला असेल, त्यानं ओ द्यायची आणि जागा सांगायची. "ओऽ, झरा!" किंवा "ओऽ, उंबर!" असं. दुकानापाशी आला की धोंडूशेठ म्हणायचे, "ओऽ, दुकान!" मग चालणारा डावीकडे वळायचा आणि सुखरूप घरी जायचा.

बाकीच्यांनी गप्प बसायचं. रीतीतला अवघड भाग तोच होता.

धोंडूशेठची बायको चंद्राबाई दर आठवड्याला खालच्या बाजारातून गूळ आणायची. येताना धुकं असायचंच. ती हाक मारायची, शेठ ओ द्यायचे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांत एकही चूक न होता पार पडलेलं बोलणं म्हणाल तर हेच.

मग एक दिवस सर्जेराव रानडुक्कर दुकानात आले. सर्जेराव जमीन उकरण्यात पटाईत. सगळा उतार फिरून, इकडे तिकडे नाक खुपसून ते दमले होते. शेठनी पाय बघितले आणि चहासोबत गूळ ठेवला.

सर्जेराव म्हणाले, "शेठ, खाली मैदानात फार उकडतं. तिथली चांगली चांगली मंडळी वर यायला तयार आहेत. घरं मी बांधतो. घोंगड्या तुम्ही विका."

शेठनी त्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

मंडळी आली. तरस आले, नीलगायी आल्या, मोर सहकुटुंब आले. उतार कापून सर्जेरावांनी घरावर घर रचलं. घोंगड्या खपल्या. शेठनी दुकानाला पुढे पडवी काढली. डोंगर बदलतोय, असं चंद्राबाई अधूनमधून म्हणायची. शेठ म्हणायचे, बदलतोय खरा, पण गिऱ्हाईक किती सभ्य आहे बघ.

आणि बाळांनो, ते खरंच सभ्य होते. डोंगरावर त्यांचं मनापासून प्रेम होतं. सगळ्यात जास्त त्यांना आवडली ती ओ देण्याची रीत. इथं किती आपलेपणा आहे, असं ते एकमेकांना सांगत. धुकं उतरलं की सगळे सज्जात येऊन उभे राहत आणि कुणाचीही हाक आली की मोठ्या प्रेमानं ओ देत. नुसती ओ रुक्ष वाटते म्हणून जागाही सांगत. कुणाला 'झरा' हा शब्द आवडायचा, कुणाला 'उंबर'.

त्यांच्यातल्याच भाऊसाहेब कोल्ह्यांना 'दुकान' आवडायचं. भाऊसाहेबांचं घर कड्याच्या टोकाला होतं. तिथून देखावा चांगला दिसतो म्हणून त्यांनी ते मुद्दाम निवडलं होतं.

एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं. चंद्राबाई बाजारातून येत होती. शेठनी तिची हाक ओळखली आणि ओ दिली. त्याच वेळी साऱ्या डोंगरानं ओ दिली.

वरून 'झरा' आला, खालून 'उंबर' आला, आणि कड्याच्या टोकावरून खणखणीत आवाजात, "ओऽ, दुकान!"

चंद्राबाईची पुढची हाक कड्याच्या बाजूनं आली. शेठच्या पाठीवरचे सगळे काटे उभे राहिले. ते जिवाच्या आकांतानं ओरडले. पण त्यांचा आवाज म्हणजे शंभरातला एक आवाज. लोकांना वाटलं, शेठ आज रंगात आहेत. म्हणून लोकांनीही आणखी जोर लावला.

मग चंद्राबाईची हाक यायचीच थांबली.

धुकं विरलं ते दुसऱ्या दिवशी, उन्हं वर आल्यावर. तेव्हा चंद्राबाई चालत घरी आली. पुढच्या पायाखाली जमीन लागेना म्हणून ती होती तिथंच गुळाच्या ढेपेवर बसून राहिली होती. तिनं ढेप फळीवर ठेवली आणि म्हणाली,

"मी हाक मारली होती."

"मी ओ दिली होती गं."

"सगळ्यांनीच दिली. मला कुणीच दिली नाही."

शेठनी तिच्यापुढे चहा ठेवला.

ते आधी भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेबांनी त्यांना सज्जात बसवलं, देखावा दाखवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "शेठ, मैदानात कुणी मेलं तरी कुणी ओ देत नाही हो. आम्ही इथं आलो ते ह्याच्यासाठीच. आता तुम्ही म्हणता, गप्प बसा?"

शेठना आपणच काहीतरी वाईट बोललो असं वाटलं. निघताना त्यांनी दोनदा क्षमा मागितली.

मग ते वाघमहाराजांच्या दरबारात गेले. दरबार डोंगरमाथ्यावर, राईच्या शेजारी भरायचा. राई म्हणजे जुनी दाट झाडी. झरा तिथूनच निघायचा आणि धुकंही तिथंच मुक्कामाला असायचं, हे पोराटोरांना ठाऊक होतं.

शेठनी थोडक्यात सांगायचं ठरवलं. व्यापाऱ्याला थोडक्यात बोलायची सवय असते आणि दरबारात तीच नडते.

"महाराज," ते म्हणाले, "धुक्यामध्ये माझी बायको कड्यावरून जाता जाता वाचली."

महाराजांनी मान डोलावली. "म्हणजे धुक्याचा त्रास आहे."

"धुक्याचा नाही महाराज. ओ देणारे वाढलेत."

"धुकं नसतं तर बायको चुकली असती का?"

"नाही महाराज."

"मग?"

सर्जेराव तिथं दुसऱ्या कामासाठी आले होते. ते नम्रपणे उठले आणि म्हणाले, रहिवाशांची अडचण बघवत नाही. राई काढली की धुकं उतरायचं थांबेल. राई काढायला ते स्वतः तयार आहेत. लाकूड आणि मोकळी जागा तेवढी त्यांना मिळावी, दुसरं काही नको.

शेठ म्हणाले, "महाराज, मी असं म्हणालो नाही."

"तक्रार तुमचीच ना?"

"हो, माझीच."

"मग आता मोडता कशाला घालता?" महाराज प्रेमानं म्हणाले. रहिवाशानं तोंड उघडायच्या आत त्याची अडचण दूर करणारा राजा म्हणून त्यांचा लौकिक होता. ठरावात लिहिलं गेलं, की धोंडूशेठ साळिंदर यांच्या आग्रहावरून राई काढण्यात येत आहे.

राई गेली. धुकंही गेलं. कड्यावरून पडायची भीती कुणालाच उरली नाही. दरबारात शेठचा सत्कार झाला. सत्काराची घोंगडी त्यांच्याच दुकानातून नेली होती. त्यांच्या पाठीवर घालताच तिला जागोजाग भोकं पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानातून गेलेली ती शेवटची घोंगडी. त्यानंतर डोंगरावर कुणाला थंडी वाजली नाही.

शेठ पंखे विकायला लागले. धंदा वाईट नव्हता.

आता चंद्राबाई बाजारातून निघाली की शेठना ती अगदी पायथ्यापासून दिसायची. लहान ठिपका, मग मोठा ठिपका, मग चंद्राबाई. येईपर्यंत बघून बघून त्यांना कंटाळा यायचा. तीही हाक मारायची नाही. समोर दिसणाऱ्याला हाक कशाला मारायची?

एक दिवस तिनं गूळ फळीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, पलीकडच्या डोंगरावर अजून धुकं उतरतं म्हणे. मला तिकडे न्या. मला परत तुमची ओ ऐकू येऊ दे."

शेठनी दुकान सर्जेरावांना विकलं. सर्जेरावांनी भाव चांगला दिला आणि नव्या जागेचा पत्ता विचारून घेतला. शेठनी वाटेच्या खाणाखुणांसकट सांगितला. धंद्यात पत्ता लपवून चालत नाही.

पलीकडच्या डोंगरावर खरंच धुकं होतं. शेठनी एक चांगलंसं वळण पाहिलं, पाल ठोकलं आणि चुलीवर आधण ठेवलं. चंद्राबाई कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

संध्याकाळी धुक्यात कुठूनतरी हाक आली. बारीक, भेकराची असावी. कुणीच ओ दिली नाही.

त्या डोंगराची रीत निराळी होती. वाट ठीक असली की सगळे गप्प राहत, आणि पुढे दरड कोसळली असेल तरच आवाज देत. पण हे नव्या माणसाला कोण सांगणार? आणि त्यानं विचारलं तर पाहिजे.

शेठना फार वाईट वाटलं. एक जीव धुक्यात हाका मारतोय आणि कुणाला त्याचं काही नाही. ते पालाबाहेर आले, छाती भरून श्वास घेतला आणि मोकळ्या गळ्यानं म्हणाले, "ओऽ, दुकान!"

पावलं थबकली. मग माघारी वळली आणि घाईघाईनं दूर गेली.

"गेलं की हो ते," चंद्राबाई म्हणाली.

"जाऊ दे," शेठ मायेनं म्हणाले. "इथल्यांना अजून रीत माहीत नाही. आपण आलोय ना, शिकतील हळूहळू."

तात्पर्य : सुंदर जागा कळली की ताबडतोब जाऊन राहावं, उशीर करू नये. आपण पोचतो तेव्हा तिथं गर्दी नसते. गर्दी आपल्या मागून येते.