गांडुळं वाचतं कोण?

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही, हे मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं! विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी उपग्रंथपाल आहे. कोण पान फाडणार, कोण मासिक शर्टाखाली घालून पळवणार, हे मी माणूस दारातून आत येतानाच ओळखतो. आमची ही तर म्हणते, "अहो, तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तरी समोरच्याकडे ओळखपत्र मागाल!"

तर झालं असं, की ग्रंथालयात जागाच उरली नाही. तीन विभागांची छोटी ग्रंथालयं बंद करून त्यांची सगळी पुस्तकं आमच्या गळ्यात मारली होती. जिन्यात पुस्तकं, खिडकीत पुस्तकं! शेवटी ग्रंथपाल मॅडमनी छाननीचं काम माझ्यावर सोपवलं.

"जे कोणी वाचत नाही, ते गावाबाहेरच्या गोदामात," त्या म्हणाल्या. "आणि जो कोपरा मोकळा होईल, तिथे तुमची केबिन."

केबिन! इतकी वर्षं मी पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी बसतोय. येणारा-जाणारा बाटली भरतो आणि तेवढ्यापुरतं झाकण माझ्या हातात देतो. मला फक्त एक दार हवं होतं, आतून लावता येणारं. मी घरी सांगूनही टाकलं. हिने लगेच पडद्याचं कापड आणलं आणि माहेरी फोन करून ही बातमी दिली. म्हणजे आता माघार नव्हती.

कोपरा मी हेरूनच ठेवला होता. तिथे गांडुळांवरच्या एका जुन्या नियतकालिकाचे जाडजूड बांधीव खंड होते. तिन्ही विभागांतून आलेले, म्हणजे तेच गांडूळ तीन-तीनदा! ते कोणी वाचत असेल, ही शक्यताच नव्हती. छाननीचा नियमही मीच केला. वाचून झालेलं पुस्तक कोणीही परत फळीवर ठेवायचं नाही, टेबलावरच सोडायचं. संध्याकाळी काउंटरवरच्या ताई टेबलांवरची पुस्तकं मोजणार आणि मगच ती जागेवर लावणार. महिनाभरात जे टेबलावर आलंच नाही, त्याची रवानगी गोदामात!

पहिल्याच संध्याकाळी ताई म्हणाल्या, "सर, गांडुळांचा एक खंड टेबलावर होता हं."

"कोणी ठेवला?"

"मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात ना, कोणी ठेवलं ते बघायचं नाही, नुसतं मोजायचं."

माझ्या डोक्यात लाल दिवा पेटला. शुद्धीवर असलेला माणूस आपणहून गांडुळं वाचेल? शक्यच नाही! कोणाचा तरी माझ्या केबिनवर डोळा होता. ताई? त्यांचं टेबलही दारापाशी, वाऱ्यात होतं. मॅडम? त्या हल्ली माझ्याकडे बघून जरा जास्तच हसत होत्या. की डुलकीसर? हे तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. रोज येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि चिंतनात घोरतात.

दुसऱ्या दिवशी मी तपासाला लागलो. त्या खंडाच्या आजूबाजूचे खंड काढले, खिडकीजवळच्या टेबलावर उजेडात नेऊन झटकले, पानन्‌पान बघितलं. काही सापडलं नाही. परत फळीवर ठेवणार होतो, पण नियम म्हणजे नियम! मीच केलेला नियम मीच कसा मोडणार? खंड टेबलावर सोडून मी जागेवर आलो.

संध्याकाळी ताई धावत आल्या. "सर, आज तर ढीगच होता गांडुळांचा!"

"बघा! हा एकट्याचा उद्योग नाही. टोळी आहे टोळी!"

आता मी सापळा लावायचं ठरवलं. खंडांवर पावडर भुरभुरायची, म्हणजे हात लावणारा आपसूक सापडेल. सकाळी मी हिचा गुलाबाच्या वासाच्या पावडरचा डबा पिशवीत टाकला.

"ऑफिसला पावडर? कोणासाठी?" हिने विचारलं.

"गुप्त काम आहे."

"ते दिसतंच आहे!"

त्यानंतर माझा दिनक्रमच ठरला. रोज सगळे खंड काढायचे, टेबलांवर मांडायचे, बोटांचे ठसे शोधायचे, नवी पावडर मारायची. ठसे रोज सापडत. कधी कपाटाच्या कडेलासुद्धा! चोर एवढा निर्ढावलेला होता, की तो माझ्या टेबलावरही ठसे उमटवून गेला होता. इकडे ताईंचा आकडा वाढत चालला, आणि तिकडे घरी हिचा पारा.

"शर्टाला गुलाबाचा वास येतोय. कोणाचा?"

"गांडुळांचा!"

त्या रात्री मला वाढलेलं ताट हिने टेबलावर असं आपटलं, की मी पुढचा तपशील दिलाच नाही.

एके दुपारी मात्र माझं नशीब उघडलं. डुलकीसर जागे झाले, वळले, आणि त्यांचा डावा गाल पांढराफटक!

"सापडलात!" मी ओरडलो. सगळं वाचनालय दचकलं. "बोला, कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? मी उशीला घेतो हो हा खंड," सर गाल पुसत म्हणाले. "जाडी मानेला अगदी बेताची आहे."

"आणि बाकीचे?"

"मला एकच मान आहे."

म्हणजे टोळी अजून मोकाटच होती! मी तावातावाने मॅडमच्या खोलीत शिरलो. ताई तिथे आधीच बसल्या होत्या. मॅडम भलत्याच खुशीत होत्या.

"अभिनंदन! सगळ्या ग्रंथालयात सर्वांत जास्त काय वाचलं जातं, माहीत आहे? गांडुळं! मी कुलगुरूंना आकडे कळवले, ते थक्क झाले. तिन्ही संच इथेच राहणार. आणि तुमच्या त्या कोपऱ्यात आता गांडूळ वाचनकक्ष."

"मॅडम, हा कट आहे! विचारा ताईंना, कोण काढतं ते खंड!"

ताईंनी मान खाली घातली. "सर... रोज तुम्हीच काढता की."

"मी वाचत नव्हतो! मी तपास करत होतो!"

"मोजताना ते कसं कळणार, सर?"

मॅडमनी चष्मा काढला. "आकडे कुलगुरूंपर्यंत गेलेत. आता ते खोटे आहेत असं कळवू, की..." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "की तुम्ही खरंच वाचता?"

माझ्या डोळ्यांसमोरून दार, पडदा आणि सासरची मंडळी एका रांगेत निघून गेली. आता निदान नोकरी तरी वाचवायची होती.

"वाचतो," मी म्हणालो. "आवड आहे."

"वा! मग वाचनकक्षाच्या उद्घाटनाला तुमचंच व्याख्यान ठेवते."

तेव्हापासून मी पाण्याच्या मशीनशेजारी बसून, एका हातात लोकांच्या बाटल्यांची झाकणं धरून, खरोखरच गांडुळं वाचतोय. हिचा अजून विश्वास बसलेला नाही. उद्घाटनाला ती स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहे, माझ्या व्याख्यानाला नव्हे, तर गुलाबाच्या वासाची आणखी कोण येते ते बघायला! तयारी तशी बरी चालली आहे. गांडुळाला डोळे नसतात, असं पहिल्याच खंडात दिलंय. तरीही ते जन्मभर उकरत राहतं आणि आपलं फार छान चाललंय अशा समजुतीत असतं. हे शेवटचं वाक्य खंडात नाही, पण व्याख्यानात मी ते अनुभवाने घालणार आहे.