घाटमाथ्याचे ठाण्याची वाट बुजली त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन. हे एक विघ्न त्यांणी का हरिले नाही हे त्यांस ठाऊक. आम्ही विचारणार कोण? शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एका राज्याचे घाटमाथ्याचे ठाण्यावर वर्तमान जाहले ते ऐसे जे, तेथे निंबाजी धुमाळ म्हणोन शाखाधिकारी होते. ठाण्याचा सर्व व्यवहार तारेवाटे राजधानीस जावा, आणि तारेचे मुखाशी राउटर नामे वाटाड्या बसोन त्याणे हरेक निरोपास वाट दाखवावी, ऐशी रीत. जुना वाटाड्या थकला, घडोघडी मूर्च्छा येऊ लागली, म्हणोन राजधानीने नवा धाडिला. निंबाजींनी हळदकुंकू वाहोन, नारळ फोडोन त्यास गादीवर बसविले आणि जुन्यास भंगारात टाकिले. मग पाहतात तो वाट बंद, हिरवा दिवा लागेना. निंबाजींचे पायाखालची वाळू सरकली. कारण ज्या ठाण्याचा व्यवहार वर्षअखेरीस दिसेना ते राजधानी मोडीत असे, आणि तेथील माणसांचे पोट त्याच ठाण्यावर.

मग निंबाजींनी तारा उपसोन पुन्हा खोवल्या, आणि वाटाड्यास निजविले, उठविले, आणि त्याची स्मृती पुसोन नव्याने पढविले, तरी तो ढिम्म. सर्व वाटाड्यांचे मुख्य विसाजीपंत राजधानीत असत. ते म्हणाले, दोष वाटेच्या ठेकेदाराचा. ठेकेदाराचा गुमास्ता म्हणाला, आमची वाट लखलखीत आहे, दोष राजधानीचा. दोघांनी काखा वर केल्या. मग निंबाजी ठेकेदाराचे कचेरीत ठाण मांडोन बसले, नाकदुऱ्या काढिल्या, तेव्हा गुमास्त्याने वाटेवरील चौकीची नोंद पाहिली आणि उलगडा जाहला. हरेक यंत्रास जन्मतः एक क्रमांक असतो, तोच त्याचा चेहरा. चौकीवर चेहरा जुन्याचा नोंदलेला, म्हणोन नव्यास परका समजोन आत घेत नव्हते. नोंद बदलणे म्हणजे चुटकीसरशी काम, परंतु राजधानीचे शिक्क्याशिवाय करू नये ऐसा करार. निंबाजींस हर्ष जाहला आणि तेथूनच विसाजीपंतांस दूरध्वनी केला.

इकडे राजधानीत एक फलक होता. वाट तुटे त्या ठाण्याचे नावापुढे तांबडा दिवा लागे आणि घंटा वाजे. घाटमाथ्याची घंटा ऐकोन पंतांचे कान किटले, तेव्हा पंतांनी ते नावच फलकावरोन काढिले. घंटा थांबली, आणि राज्यातील सर्व वाटा सुरळीत ऐसे वर्तमान वर गेले.

"निंबाजी, तांबडा दिवा कोठे आहे?" पंत म्हणाले. "फलकावर नाव नाही, दिवा नाही, मग शिक्का कशावर मारू?"

"दिवा नाही, कारण आमचे नाव नाही. नाव घाला, पंत."

"नाव घातले की घंटा वाजेल. मग वर काय सांगू?"

निंबाजींस रडू कोसळले. पुढे अर्ज केले, हेलपाटे घातले, व्यर्थ. फाल्गुनअखेर ठाणी मोजली ती फलकावरोनच. घाटमाथा नावाचे ठाणेच नाही, मग त्याची वाट कशास? म्हणोन ठेकेदारास हुकूम गेला, वाट मोडावी. हुकुमावर शिक्का होता. आणि ठेकेदाराची शिस्त ऐशी जे, वाट मोडण्याआधी नोंद बिनचूक असावी. सबब गुमास्त्याने प्रथम नव्या वाटाड्याचा चेहरा नोंदविला.

भर दुपारी ठाण्यावर हिरवा दिवा लागला. निंबाजी खुर्चीवरोन उठले. कारकून गोदाबाई भिसे यांणी डब्यातील गूळ सर्वांचे हातावर ठेविला, आणि निंबाजींनी राजधानीस निरोप धाडिला, "घाटमाथ्याचे ठाणे हजर आहे." गूळ तोंडात आहे तो दिवा विझला.

"साहेब, परत लागंल का?" गोदाबाईंनी विचारिले.

निंबाजींस तो हुकूम ठाऊक नव्हता, परंतु समजले. "नाही लागायचा, गोदाबाई. गूळ खा."

एणेप्रमाणे ठाणे मोडले, माणसे देशोधडीस लागली. वाटाड्या निर्दोष, वाट निर्दोष, पंतांस बढती. निंबाजींचा निरोप राजधानीस सुखरूप पोहोचला, परंतु त्या नावाचे ठाणे नाही म्हणोन कोणी उघडिला नाही. हकीकत संपली.