वलं हाय, पावणं!

जोतिबाच्या चैत्र यात्रेत भर उन्हात छत्री उघडून स्वतः तिच्याबाहेर बसणारा माणूस मी एकच पाहिलाय, आमच्या गल्लीतले चौगुले सर. छत्रीखाली त्यांचं चित्र असतं. सरांचं टक्कल खुशाल उन्हात तापत असतं.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, काळजीतून नाही. चहा देणाऱ्यालाही आधी विचारतात, "सांडणार न्हाय न्हवं?" यात्रेत मात्र त्यांना भय एकाच गोष्टीचं, गुलालाचं. आता जोतिबाला जाऊन गुलालाला भ्यायचं म्हणजे रंकाळ्यात उतरून पाण्याला भ्यायचं! पण ओल्या जलरंगावर चिमूटभर गुलाल पडला तरी आभाळ गुलाबी होतं. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सरांचा एकच पुकारा, "पावणं, दमानं! वलं हाय!"

यंदा छत्री धरायला त्यांनी मला नेलं. सरांच्या घरात ते आणि थोरली बहीण आक्का, एवढी दोनच माणसं. गुडघे गेल्यापासून आक्काचा डोंगर सुटला, तेव्हापासून सर दरवर्षी यात्रा कागदावर उतरवून तिला आणून देतात. आता तिची नजरही जात चालली होती.

"औंदा दिसंल, म्होरल्या वर्साला काय सांगावं," स्कूटर चालवता चालवता सर म्हणाले. "डाग न्हाय पडला पायजे."

मी छत्रीची मूठ आणखी घट्ट धरली.

वर माणसांचा लोंढा, हलग्यांचा कडकडाट, देवाच्या उंचच उंच सासनकाठ्या नाचवत येणारी गावंच्या गावं. आम्ही एका नारळाच्या दुकानाची पायरी धरली. सर रंगवत होते आणि मला झापत होते. "डावीकडं घ्या! तुमच्या न्हवं, माझ्या!" कुणी खांदा घासून गेला की आमच्या दोघांच्या काळजाचं पाणी. तरी दुपार कलेपर्यंत चित्र निभावलं. फक्त एका काठीचा शेंडा राहिला.

"जरा वर घ्या छत्री, टोक दिसंना."

मी वर घेतली. तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणीतरी "चांगभलं!" म्हणत मूठ उधळली. ती थेट ओल्या चित्रावर.

"देवाचा परसाद हाय की, सर!" दुकानदार म्हणाला. सर फुंकायलाही धजले नाहीत, गुलाल आणखी पसरला असता. परतीच्या वाटेवर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आक्का दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिनं कागद मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"काठी कुठं हाय रं बाळू?" म्हणत ती बोट फिरवू लागली.

"वलं हाय!" सर सवयीनं ओरडले. रंग तर कधीच वाळले होते. काठी कागदाच्या मधोमध होती. आक्काला काही दिसत नव्हतं. ते मला कळलं, सरांनाही कळलं.

बोट गुलालावर येऊन थांबलं. तिनं तो चिमटीत घेतला, हुंगला आणि कपाळाला लावला.

"आजपत्तोर नुसती चित्रं आणलास. औंदा देव आणलास बघ. ये हिकडं."

जन्मभर गुलाल चुकवणारे सर मुकाट्यानं वाकले. आक्कानं चाचपत त्यांचं कपाळ शोधलं, गुलाल लावला. हात खाली घेताना बोटं त्यांच्या गालावर थबकली.

"बाळू," ती हळूच म्हणाली, "वलं हाय की रं."